तुम्ही विचारलंत म्हणून: मेमरीला माणसं पाठ करून का देत नाही

दर जूनला माझ्या चित्रकलेच्या क्लासची नवीन बॅच भरली की कोणीतरी पालक विचारतातच, सर, इंटरमिजिएटच्या (शासकीय चित्रकला परीक्षेच्या) मेमरी ड्रॉइंगला, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायच्या चित्राला, चार-पाच माणसं लागतात, ती पाठ करून द्या ना, पोरांना सांधे नि हाडं कशाला शिकवत बसता? त्यांचंही बरोबर आहे, दहावीला वाढीव मार्क हवेत, रंगवायला वेळ पुरला पाहिजे. मी आजवर "बघू" म्हणून वेळ मारून न्यायचो. आता एकदाच नीट लिहितो.

पाठ केलेली माणसं कुठली ते तुम्हालाही माहितीये. कमरेवर कळशी घेतलेली बाई, पाठमोरा छत्रीवाला, फुगेवाला, हात वर केलेला मुलगा. विषय बाजार असो, जत्रा असो नाहीतर स्टेशन, माणसं तीच, फक्त कळशीच्या जागी पिशवी येते. आणि तो मुलगा म्हणजे मोठाच माणूस, लहान करून काढलेला. मोठा माणूस स्वतःच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो, वर्षाचं बाळ जेमतेम चार पट, पहिलीतलं पोर साडेपाच-सहा. एवढं कळलं ना तरी नाक-डोळे न काढता पोर पोरासारखं दिसतं. स्वतःचा पाय बघा आत्ता, घोट्याचं आतलं हाड वर असतं, बाहेरचं खाली. रिक्षा स्टँडवर एका पायावर भार टाकून उभा असलेला माणूस बघा, भाराच्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो.

"मग हेही पाठांतरच झालं की," असं एका आईने मला सुनावलं होतं. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की साडेसात आकडा डोक्यात असला की समोरचा माणूस सातच भरतोय हे दिसतं, कळशीवाली पाठ असली की समोर बघायची गरजच उरत नाही.

आता जे कोणाला सांगितलं नव्हतं ते. माझ्याकडे आठवीतली एक मुलगी होती, आई बाजारात भाजी विकायची. एका स्पर्धेत विषय आला 'भाजी मंडई'. तिने आई काढली, उकिडवी बसलेली, एक गुडघा वर, एक जमिनीकडे कललेला, उजव्या हाताने तागडी उचलून धरलेली, डावा हात पारड्यात वांगी टाकतोय आणि मान किंचित वाकडी, कारण काटा बघायचाय. उजवा हात वर म्हणून पाठीचं फावड्याचं हाड बाहेरच्या बाजूला फिरलेलं, त्यामुळे ब्लाउजच्या चुण्या काखेतून ताणलेल्या. हे मी तिला शिकवलं नव्हतं. हात वर गेला की खांद्याबरोबर ते हाडही सरकतं एवढंच सांगितलं होतं, बाकी सगळं तिने आईकडे बघून काढलं. मागची दुकानं मात्र अर्धी कोरी राहिली, वेळ संपला. नंबर आला नाही. शेरा होता 'अपूर्ण'. पहिल्या आलेल्या चित्रात कळशीवाली बाई होती, भाजी मंडईत.

तिचे वडील आले, आवाज न चढवता म्हणाले, सर, तुमच्या हाडांपायी पोरीचा नंबर गेला. मी काही बोललो नाही. पुढच्या रविवारी ती आली आणि वहीत तीच पाठ केलेली बाई काढली, मैत्रिणीकडून शिकून, सुरेख रंगवली, मला दाखवली. मी "छान" म्हणालो. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली.

त्या वेळच्या मला आता म्हणावंसं वाटतं, अरे, तिला सांगायचं होतंस ना, परीक्षेत पाठ केलेलं काढ, घरी हवं ते काढ. बरेच क्लासवाले हेच सांगतात आणि त्यांची पोरं पुढे जातात, हे मी डोळ्यांनी बघतोय. कधीकधी मलाही पटतं. पण मी स्वतः तसाच शिकलोय हो. एटीडीला (आर्ट टीचर डिप्लोमाला) पहिल्यांदा समोर मॉडेल बसलं, एक म्हातारे गृहस्थ, एक खांदा उतरलेला, आणि माझा हात आपोआप शाळेतला काठीवाला आजोबा काढत होता. तो हातातून जायला किती काळ गेला ते माझं मला माहीत.

चित्रकार रावबहादूर धुरंधरांची चित्रं पोरांना दाखवतो मी. कोल्हापूरहून १८९० मध्ये मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत आलेला हा माणूस, त्यांच्या चित्रातली गर्दी बघा, बाया बघा, प्रत्येकीचं उभं राहणं वेगळं, नऊवारीचा काष्टा पायाच्या ठेवणीप्रमाणे वळतो. आतला गुडघा कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय ती निरी तशी पडत नाही. हाडं-सांधे शिकणं पाश्चात्य आहे, पोरांना कठीण आहे, असं कोणी म्हणेल, पण यात पाश्चात्य काय आणि कठीण काय? आठवीतल्या मुलीला जमलं होतं.

तेव्हा यंदाही जून-जुलै फिगरच, म्हणजे माणसाच्या आकृतीचा अभ्यासच घेणार, मेमरीचे विषय ऑगस्टपासून. रंगकामाला वेळ कमी पडतो ही तक्रार खरी आहे, त्यासाठी रविवारचा एक तास वाढवलाय, जादा फी नाही. तरीही ज्यांना पाठच हवंय त्यांनी आधी सांगा, दुसऱ्या क्लासचा नंबर मीच देतो.