रोजच्या वापराची पेन्सिल : मोंढ्यातल्या टेस्टिंगचा अपडेट

मागच्या वेळी म्हणलं होतं की तुरीचा सीझन संपला की एक पेन्सिल फायनल करून टाकतो. तूर संपली, हरभरा संपला, आता सोयाबीन यायची वेळ झाली आणि एक नाही, दोन फायनल झाल्यात, त्यातली एक तर अशी ग्रेड (शीस किती टणक आणि किती काळं त्याची खूण) आहे की दुकानदाराला मागितली तर तोच आपल्याकडं बघत बसतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, एका आडतीवर (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकणाऱ्या पेढीवर) लिखापढीला आहे. पक्की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची पावती, पेननीच निघते, त्यात काही बदल नाही, पण काट्यावरची कच्ची पट्टी, कट्ट्यांचा हिशेब, हमाली-तोलाईचं टिपण हे सगळं मी पेन्सिलीनं लिहितो. शौक आहे म्हणून तर आहेच, पण मोंढ्यात बॉलपेन लई वैताग देतं. उन्हाळ्यात घामेजलेला हात कागदावर टेकला की तेवढ्या जागेवर रेघ उमटतच नाही, सीझनला सगळीकडं भुसा आणि धूळ, खिशात ठेवलं तर रिफिल गळते. पेन्सिलीला यातलं काही नाही. वरून पाऊस आला आणि पट्टी भिजली तरी ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही, कागद वाळवला की आकडे जागच्या जागी.

म्हणून माझी टेस्ट स्वॅच (कागदावर रंगाचे नमुने) काढायची नाही, कामाची आहे. एका टोकात किती पट्ट्या निघतात, टोक मोडतं का, हाताला काळं लागतं का आणि संध्याकाळी गोदामातल्या एका ट्यूबच्या उजेडात मालकांना आकडा वाचता येतो का, बस.

सुरुवात देशीपासनं केली. नटराज 621 आणि अप्सरा प्लॅटिनम. दोन्ही एकाच घरच्या, हिंदुस्थान पेन्सिल्सच्या, कंपनी 1958 ची आणि अप्सरा ब्रँड 1970 पासनचा. प्लॅटिनम गडद आहे, गोदामात मालकांना तीच आवडली, पण टोक लवकर बोथट होतंय, सारखं शार्पनर हुडकत बसावं लागतं. 621 थोडी फिकी पण चिवट. आणि एक मोठा फायदा, ती गावातल्या किराणा दुकानात पण मिळते, औसा असो का निलंगा, कुठंही गेलो आणि पेन्सिल हरवली तर अडत नाही. रोजच्या वस्तूत ही गोष्ट मला तरी शिसाच्या क्वालिटीएवढीच मोठी वाटते, शौकीन लोक ती धरतच नाहीत.

तिसरा एक डबा घेतला होता, नाव नाही घेत, त्यातल्या निम्म्या पेन्सिलींचं शीस मधोमध नव्हतंच. असं का होतं तर पेन्सिल म्हणजे लाकडाच्या दोन पट्ट्या, दोन्हीला खाचा पाडायच्या, एकीच्या खाचेत शीस ठेवायचं, गोंद लावून दुसरी वर दाबायची आणि मग सुट्ट्या सुट्ट्या पेन्सिली कापायच्या. खाच थोडी सरकली की शीस एका बाजूला जातं, मग कितीही चांगल्या शार्पनरनं टोक करा, एका अंगाला लाकूड पार टोकापर्यंत येतं आणि लिहिताना कागदाला घासतं. यावर उपाय सोपा आहे. डबा उघडून पेन्सिलीची मागची बाजू बघायची, तिथं शीस उघडं दिसतं. मग काउंटरवर लोळवून बघायची, वाकडी असली तर लगेच कळतं. गंजगोलाईत ज्या दुकानातनं मी घेतो ते काका आता मी गेलो की स्वतःच डबा उघडून पुढ्यात ठेवतात, म्हणतात घ्या, करा तुमची तपासणी.

लाकडाबद्दल पण एक सांगायचंय. आपल्याकडच्या पेन्सिलींना पॉप्लरचं लाकूड बरंच काश्मिरातनं येतं, पुलवामा जिल्ह्यातलं उखू गाव तर त्याच्यासाठीच ओळखलं जातं. चांगल्या जपानी आणि अमेरिकन पेन्सिलींना इन्सेन्स सीडर वापरतात, ते कॅलिफोर्निया-ओरेगनकडचं झाड. सीडर सोलताना हाताला जाणवतं, साल एकसारखी लांब निघते आणि वास येतो. पण खरं सांगू का, नवीन ब्लेड टाकलं की पॉप्लर पण छान सोललं जातं. लोक लाकडाला नावं ठेवतात आणि शार्पनर तोच वापरतात जो पोराच्या कंपासपेटीत तीन वर्षं पडून होता.

मग इम्पोर्टेड. हाय-युनी एचबी आणि 2बी मागवली, मित्सुबिशी पेन्सिल कंपनीची, 1966 पासनं निघते, 10एच (सगळ्यात टणक) पासून 10बी (सगळ्यात मऊ) पर्यंत 22 ग्रेड. अंगावर सोनेरी अक्षरात नाव छापलंय, ते बघून रेणापूरकडचे एक शेतकरी म्हणले, ही ट्रॅक्टरवाली का? म्हणलं नाही दादा, नाव तेच, कंपनी वेगळी. तर ते म्हणले मग नुसतं नाव लावून पैसे घ्यायलेत की! आता त्यांना काय सांगणार, एका पेन्सिलीच्या पैशात इकडं अख्खा डबा येतो. लिहायला मात्र लोण्यासारखी, यात वाद नाही. पण आमच्या कच्च्या पट्टीचा कागद खरबरीत, स्वस्तातला, त्याच्यावर 2बी अशी झिजते की पाहवत नाही, आणि मनगटापासनं करंगळीपर्यंत हात काळा. ती आता घरी ठेवलीय, रात्री डायरी लिहायला, चांगल्या कागदावर.

इथंच ग्रेडचा घोळ पण लक्षात आला. 1795 ला फ्रान्समध्ये काँते नावाच्या माणसानं ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजायची पद्धत पेटंट केली, अजून पण मूळ रीत तीच. माती जास्त तर शीस टणक आणि फिकं, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळं. पण एचबी म्हणजे नेमकं किती काळं याचं सगळ्या कंपन्यांना मिळून एक माप नाही. म्हणून जपानी एचबी गडद लागते, स्टेडलरची निळी लुमोग्राफ एचबी तिच्याशेजारी एकदम फिकी दिसते, आणि दोन्हीवर एचबीच लिहिलेलं. नुसती ग्रेड बघून पेन्सिल मागवू नका, आधी कंपनी बघा.

आता मेन मुद्दा, कार्बन पेपर. काट्यावरची पट्टी आम्ही डबल काढतो, वरची शेतकऱ्याला, खालची आमच्याकडं. कार्बनवर उमटायला जोर द्यावा लागतो, आणि मऊ शिसावर जोर दिला की ते पसरतं, पहिल्याच पट्टीत टोक चपटं. मग खालच्या कॉपीत 3 आणि 8 सारखेच दिसायला लागतात, आणि क्विंटलच्या हिशेबात 3 चा 8 झाला तर काय होतं ते मोंढ्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. म्हणून उलट बाजूला गेलो. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या सामानाच्या दुकानातनं एच आणि 2एच आणली. खालची कॉपी काय सुंदर, बारीक, धारदार आकडे, पण वरची इतकी फिकी की शेतकरी म्हणतो साहेब यावर काही लिहिलंय का नाही. वरून 2एच त्या पातळ कागदाला चिरत जाते, पावसाळ्यात कागद दमट असला की जास्तच.

मग एफ. एचबी आणि एचच्या मधली. लुमोग्राफमध्ये आहे, फेबर-कॅस्टेलच्या हिरव्या 9000 मध्ये पण आहे. मी दोन्ही मागवल्या आणि दोन्हीनं काम केलं, वरची कॉपी वाचता येते, खालची स्वच्छ उमटते, टोक बराच वेळ टिकतं. त्यातल्या त्यात 9000 कडं माझा कल आहे. ती 1905 पासनं निघतेय, आणि तिचं शीस लाकडाला पूर्ण लांबीभर चिकटवलेलं असतं. आमच्या पेढीत खाली शहाबादी फरशी, दिवसातनं चार वेळा पेन्सिल पडणारच, आणि पडली की बाहेरनं काही दिसत नाही पण आत शिसाचे तुकडे होतात, मग टोक करत राहा आणि ते गळत राहतं. एफची 9000 अजून तरी अशी फुटलेली नाही. षटकोनी आहे म्हणून घरंगळत पण कमी. गोल पेन्सिल तर मी मोंढ्यात आणतच नाही, उतारावरच्या डेस्कवरनं ती सरळ खाली.

शार्पनरमध्ये एवढंच की लांब टोकवालं घरी ठेवलंय. कार्बनच्या कामाला आखूड, जाड टोकच पाहिजे, लांब टोक जोर दिला की कडकन् जातं.

तर सध्याची सेटिंग अशी, टिपणाला आणि रोजच्या वहीला 621, कार्बनला एफची 9000. प्लॅटिनम मालकांनी स्वतःकडं ठेवून घेतली, परत मिळायची आशा नाही. सोयाबीनची आवक सुरू झाली की खरी परीक्षा, तेव्हा पट्ट्यांचा ढीग असतो आणि टोक करायला पण उसंत नसते. अडचण एकच, एफ इकडं सुट्टी मिळत नाही, ऑनलाइन डझनानं घ्यावी लागते. नांदेडला वजिराबादला किंवा संभाजीनगरला औरंगपुऱ्यात कुणी सुट्टी एफ बघितली असेल, कुठल्या का कंपनीची असेना, तर दसऱ्याच्या आत कळवा, तिकडं येणारे आहेत आमचे गाडीवाले, त्यांच्याकडं पैसे देऊन ठेवतो.