चवड्याची आग, हप्ता पाचवा: बुटाला भोकं पाडली

काल रिकम्बंटवर (मागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल, लाडाने ‘बेंट’) १ तास ५० मिनिटं. डाव्या पायाच्या बोटांना ना मुंग्या, ना चटका. आधीचे हप्ते वाचलेल्यांना माहीत आहे, माझी तिसरी-चौथी बोटं चाळिसाव्या मिनिटाला अगदी गजर लावल्यासारखी जळायला लागतात, पन्नासाव्याला बधिर होतात, आणि मग मी रस्त्याच्या कडेला बूट काढून बसलेली असते. त्यामुळे कालचा आकडा घरी आल्यावर तीनदा बघितला. उजव्या पायाने मात्र आपलं वेळापत्रक चोख पाळलं. ते मुद्दाम होऊ दिलं, सांगते.

आधी कबुली. इतके महिने मी सगळं खापर उंचीवर फोडत होते. बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे जिथे फिरतात तो सांधा) सीटच्या वर, पाय हवेत, रक्त चढत नाही, म्हणून बधिरपणा. असं मागे ठासून लिहिलंही होतं. मग पंधरवड्यापूर्वी बेंट ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायचं स्टँड) चढवली, पाय पेडलला क्लिप केले आणि पेडल न फिरवता अर्धा तास नुसती पडून राहिले. पाय जरा गार पडले, एवढंच. दुसऱ्या दिवशी तीच सीट, तोच बूम (बॉटम ब्रॅकेट धरणारा, आत-बाहेर होणारा पुढचा दांडा), पण जड गिअर लावला: पस्तिसाव्या मिनिटाला बोटं पेटली. उंचीचा हात असेलही, पण खरा मार दाबाचा आहे. साध्या सायकलवर पाय आपल्याच वजनाने पेडलवर बसतो. इथे टाच सारखी खाली ओढली जाते आणि आपल्या नकळत बोटं आवळून आपण पाय धरून ठेवतो. चवड्याच्या हाडांच्या टोकांमधून जाणाऱ्या नसा मग त्या दाबात सापडतात, आणि बूट पुढून अरुंद असेल तर विचारायलाच नको.

म्हणून क्लीट (बूट पेडलला अडकवणारा तळाचा तुकडा) मागे, टाचेकडे, म्हणजे चवड्यावरचा दाब कमी. हे मी आधीही केलं होतं, पण बुटातली खाच संपली. आतल्या पट्टीची मागची भोकं वापरून झाली, क्लीट शेवटाला टेकली, तरी मला अजून २० मिलिमीटर हवे होते. शेवटी नायलॉनच्या तळाचा जुना जोड काढला आणि ड्रिल हातात घेतलं. (कार्बनच्या तळाला हात लावायची माझी छाती नाही.) प्रयोग फक्त डाव्या बुटावर करायचा आणि उजवा जसाच्या तसा ठेवायचा, म्हणजे एकाच राईडमध्ये तुलना मिळेल.

भोकं पाडायला दहा मिनिटं लागली आणि ती निस्तरायला आठ दिवस. तिथे तळवा कमानीसारखा वर उचललेला असतो हे डोक्यातच आलं नाही. क्लीट दोन टोकांवर टेकून मध्ये डुगडुगत होती. खाली रबराची चकती कापून घातली, तर क्लीट पेडलमध्ये बसेना, कारण बाजूचे रबराचे दात पेडलला आधी टेकत होते. दात कटरने तासले. मग क्लिक झालं, पण बुटात आतून नटांच्या पट्टीची कड कमानीला टोचायला लागली. आगीतून फुफाट्यात. पट्टीवर पातळ फोम चिकटवला, वर इनसोल, तेव्हा कुठे पाय आत टिकला.

एवढं करून पहिल्याच राईडला डावा गुडघा आतून दुखला. दोन दिवस मी बूमच्या लांबीला शिव्या घातल्या. मग बूट उलटा करून फूटपट्टी लावली तर काय, दुसरं भोक पाडताना बिट सरकला होता आणि क्लीट तिरकी बसली होती. माझ्या पेडलमध्ये पाय वळायला ४ अंशांची मोकळीक आहे, ती सगळी एकाच बाजूला खर्च होत होती. गोल कानशीने भोक लांबट केलं, क्लीट सरळ केली, बूम ५ मिलिमीटर आत घेतला, कारण पाय पुढे सरकला की पोहोच थोडी कमी होते. गुडघा गप्प. आणि कालची राईड.

फुकटात मिळालेला आनंद: पाय पुढे गेल्यामुळे टाच मागे उरलीच नाही, त्यामुळे हळू वळताना डावी टाच पुढच्या चाकाला घासायची ती बंद झाली. दोन वर्षं मी ते सहन करत होते!

जेल इनसोलबद्दल माझं मत आता पक्कं आहे: दुकानात अंगठा दाबून बघायलाच ते छान. पायाखाली बसतात आणि बुटातली जागा खातात, जी जागा सुजलेल्या बोटांना हवी असते. मेटाटार्सल पॅड (चवड्याच्या हाडांना आधार देणारी छोटी गादी) मात्र ठेवलाय. तो चवड्याखाली नाही, चवड्याच्या मागे लावायचा असतो. मी तीन आठवडे चुकीच्या जागी लावून त्याला नावं ठेवत होते.

आता पुढचं. ठरलं होतं की १७० मिलिमीटरचे क्रँक (पेडलचे दांडे) काढून १५५ चे घालायचे. बूम १५ मिलिमीटर बाहेर, म्हणजे चेन वर-खाली मिळून ३० मिलिमीटर जास्त, तेवढं डिरेलर (गिअर बदलणारा, चेन ताणून धरणारा भाग) सांभाळून घेईल. विक्रेत्याला दोनदा विचारलं, स्पिंडल (क्रँक ज्यावर बसतात तो आस) कुठला बसतो? उत्तर आलं, ‘सगळ्यांना बसतो.’ अशा माणसाकडून मी नटसुद्धा घेणार नाही. पण हे लिहिता लिहिता गणित मांडलं आणि अडखळले. तीच ताकद, तोच केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ठेवला तर छोट्या क्रँकवर पेडलचा दाब वाढतो, १७० भागिले १५५, म्हणजे जवळपास १० टक्के! फायदा तेव्हाच, जेव्हा पाय जास्त भराभर फिरतील. आणि भराभर फिरवायला मला कोणी अडवलंय? ७० वरून ९० वर गेले तर आहे त्याच क्रँकवर दाब २२ टक्क्यांनी उतरतो. क्रँकची ऑर्डर थांबवली. छोट्या क्रँकने गुडघा कमी दुमडतो हे खरं, पण माझं भांडण सध्या गुडघ्याशी नाही.

तर येत्या रविवारी तोच रस्ता, एक गिअर हलका, केडन्स ९०, उजवा बूट अजूनही जुनाच. उजवं पाऊल चाळीस मिनिटांच्या पुढे गेलं तर निम्मा दोष माझ्या जड गिअरच्या हट्टाचा. नाही गेलं तर उजव्या तळावर पेन्सिलच्या खुणा तयार आहेत. या वेळी आधी बारीक बिट, मग मोठा, आणि बूट शिकंज्यात घट्ट. डाव्याच्या भोकांतून पाणी आत येतं ते वेगळंच. इनसोलखाली ट्यूबचा तुकडा चिकटवून बघितला, सुटला. कोणी याहून बरं काही केलं असेल तर लिहा.