रविवार ते रविवार

दुपारी आईचे रिपोर्ट दाखवायला गेलो होतो. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, पेनाचं टोक गुडघ्यावर टेकवलं आणि म्हणाले, "गॅप राहिलेली नाही. हाडावर हाड घासतंय." आईने लगेच विचारलं, "मांडी घालता येईल ना पण?" डॉक्टर हसले. आणि मला, पोटच्या पोराला, त्या क्षणी आठवला कोण, तर लेडली किंग. आईला हे सांगायची सोय नव्हती.

किंग म्हणजे लंडनच्या टॉटनहॅम या फुटबॉल क्लबचा सेंटर बॅक, गोलसमोरचा मधला बचावपटू. पूर्व लंडनमधल्या बो भागातला, 1980 चा जन्म. 1999 मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवर पहिला सामना खेळला, 2012 मध्ये निवृत्त झाला आणि मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या क्लबची जर्सी अंगाला लावली नाही. क्लबचा तेव्हाचा कर्णधार सोल कॅम्पबेल 2001 मध्ये थेट कट्टर वैरी आर्सेनलला गेला होता. टॉटनहॅमवाले ते अजून विसरलेले नाहीत. त्यामुळे किंगवर त्यांचा जीव जरा जास्तच.

पण किंगच्या डाव्या गुडघ्यात कूर्चाच, म्हणजे हाडांमधली गादीच, उरली नव्हती. शस्त्रक्रिया करायची तर कशावर? सामना झाला की गुडघा सुजायचा, सूज उतरायला आठवडा लागायचा. मॅनेजर हॅरी रेडनॅपचा हिशेब सरळ होता: रविवार ते रविवार सामने असतील तर ठीक, शनिवारनंतर मंगळवारी असेल तर लेडलीला विसरा. बाकीचा संघ रोज सकाळी मैदानात घाम गाळायचा आणि हा जिममध्ये अंग हलतं ठेवायचा. धावणं जवळपास बंद. सामन्याच्या दिवशी मात्र बूट चढवून उतरायचा आणि जगातल्या भल्याभल्या फॉरवर्ड्सना खिशात घालून परत जायचा. मोसमात वीसच सामने खेळला तरी मला तो हवाय, असं रेडनॅप म्हणायचे.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर मामा न्यायचा. पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा तालमींचा फुटबॉल सामना असला की मैदान अर्धा तास आधीच फुल्ल, हलगी वाजतेय, समोरच्या गटातल्या कुणाचा तरी उद्धार चाललाय, आणि मी शेंगदाण्याची पुडी सांभाळत चेंडू शोधतोय. मामा माझी मान धरून वळवायचा. "बॉलकडं काय बघतोस? तो बॉल कुठं जाणार हाय ते ज्याला आधी कळतंय, त्याच्याकडं बघ." तो बोट दाखवायचा त्या दिशेला एक काळासावळा बॅक कमरेवर हात ठेवून उभा असायचा, काही न करता. मग अचानक चार पावलं डावीकडे सरकायचा आणि चेंडू बरोबर तिथेच यायचा. मामा माझ्याकडे असा बघायचा, जणू तो पास त्यानेच अडवला.

तेव्हापासून ही खोड लागली ती लागलीच. गोल झाला की सगळे उड्या मारतात आणि मी बघत असतो की मागचा कोण कुठे चुकला. घरच्यांच्या मते हा रसभंग आहे. असेल. पण या खोडीमुळेच नोव्हेंबर 2006 चा चेल्सीविरुद्धचा सामना डोक्यात राहिलाय. चेल्सीचा आर्यन रॉबेन एकटा सुटला होता, समोर फक्त गोलकीपर. रॉबेन सुटला की लोक आधीच डोक्याला हात लावतात. मागून किंग निघाला. घाई दिसेना, पण अंतर मात्र कमी होत चाललेलं. पेनल्टी बॉक्समध्ये, जिथे पाय जरा इकडचा तिकडे झाला तर पेनल्टी आणि वर लाल कार्ड, तिथे त्याने पाय घातला आणि चेंडू तेवढा उचलून नेला. शर्ट ओढला नाही, धक्का नाही, काही नाही. टॉटनहॅम 2-1 ने जिंकलं. लीगमध्ये चेल्सीला त्यांनी 1990 नंतर पहिल्यांदा हरवलं.

आर्सेनलचा फॉरवर्ड थिएरी ऑन्रीसुद्धा म्हणाला होता की शर्टाला न लोंबकळता चेंडू काढून घेणारा इंग्लंडमध्ये हा एकच. आर्सेनलच्या माणसाने टॉटनहॅमवाल्याबद्दल असं बोलणं म्हणजे शेजारच्या भावकीने वाटणीत जमीन सोडणं.

आता गंमत बघा. हा माणूस सुरुवातीला मिडफिल्डला खेळत असताना, डिसेंबर 2000 मध्ये ब्रॅडफर्डला, पहिल्या दहा सेकंदांच्या आतच गोल करून बसला. प्रीमियर लीगमधला सर्वांत वेगवान गोल! तो विक्रम एप्रिल 2019 पर्यंत टिकला. नंतर आयुष्यभर गोल अडवत बसला, रेकॉर्डबुकात नाव मात्र गोल केल्याबद्दल.

इंग्लंडकडून तो फक्त 21 सामने खेळला. 2010 च्या वर्ल्ड कपला अमेरिकेविरुद्ध उतरला आणि मध्यंतरालाच बाहेर आला. स्पर्धा तिथेच संपली. गुडघा धड असता तर, हा खेळ मी खेळत नाही. 2008 चा लीग कप त्याने वेम्बलीवर चेल्सीला हरवूनच उचलला. टॉटनहॅमच्या मोठ्या संघाने त्यानंतर पुढची ट्रॉफी बघितली ती थेट 2025 मध्ये, एवढं पुरे.

मला खरा त्रास होतो तो वेगळाच. रोज पहाटे उठून घासल्याशिवाय काही येत नाही, हे लहानपणापासून पेटीच्या क्लासपासून पाढ्यांपर्यंत सगळ्यांनी डोक्यात भरलेलं. आणि हा आठवडाभर पाय वर करून बसलेला माणूस रविवारी येतो आणि रोज राबणाऱ्यांपेक्षा सरस खेळतो. मामाला विचारलं असतं तर म्हणाला असता, "त्येचा सराव डोक्यात चालतोय." मला हे पटत नाही. पण दुसरं उत्तरही सापडलेलं नाही.

2020 मध्ये तेव्हाचा मॅनेजर मोरिन्होने त्याला टॉटनहॅमच्या पहिल्या संघाचा सहायक प्रशिक्षक नेमलं. म्हणजे तेव्हा रोज सकाळी सरावाच्या मैदानावर हजर. तिथे पोरांना 'सराव करा रे' असं तो कुठल्या तोंडाने सांगायचा, देव जाणे.