दही-सिरीयलचा कप: कप्पे वेगळे, मग सिरीयल सादळतं कसं?

खाली दही, वर सिरीयल, मध्ये प्लास्टिकची चकती. तरी काही दिवसांत सिरीयल सादळतं, आणि संशय गळतीवर जातो. पुष्कळदा गळती नसतेच, बाष्प प्लास्टिकमधूनच आरपार गेलेलं असतं.

दह्याची वॉटर ॲक्टिव्हिटी (पदार्थातलं पाणी किती मोकळं आहे याचं ० ते १ मधलं माप) ०.९८ च्या आसपास, कुरकुरीत सिरीयलची ०.२ ते ०.३. एवढी तफावत असली की ओल सुक्याकडे सरकतच राहते. सिरीयल ०.४-०.५ च्या पुढे गेलं की कुरकुरीतपणा संपला. पॉलिस्टायरीन बाष्प सहज सोडतं, पॉलिप्रॉपिलीन त्याहून बरंच अडवतं, ॲल्युमिनियम फॉइल जवळपास सगळंच. म्हणून सिरीयलची स्वतंत्र डबी करून तिलाही फॉइलचं झाकण लावायचं आणि ती दह्याच्या सीलबंद कपावर बसवायची, हे सगळ्यात भरवशाचं. एकाच चकतीवर भागवणं म्हणजे खोटी काटकसर.

पण बेदाणे सिरीयलमध्येच मिसळले असतील तर फॉइलही काही करू शकत नाही. बेदाण्यांची वॉटर ॲक्टिव्हिटी ०.५ ते ०.६, ओल डबीच्या आतच आहे. सिरीयल नरम पडतं आणि बेदाणे कडक होतात, दोन्हीकडून नुकसान. फ्रीझ-ड्राय (गोठवून सुकवलेली) फळं वापरा, नाहीतर बेदाण्यांना तिसरा कप्पा द्या.

खरी गळती शोधायची तर सीलच्या पट्टीकडे, म्हणजे झाकण जिथे चिकटतं त्या काठाकडे, बघा. सिरीयलचा चुरा किंवा सॉसचा तेलकट थेंब पट्टीवर पडला की तिथे केसाएवढी वाट राहते. डोळ्यांना ती दिसत नाही. सील न उघडता, तळाला भोक पाडून कप रिकामा करा, उलटा ठेवून आत रंगीत पाणी घाला; पट्टीत रंगाची रेघ उमटली की जागा सापडली. गरम पदार्थ भरून लगेच सील केला तर झाकणाखाली पाणी धरतं, तो दोष सीलचा नव्हे.

दाबून मधला पडदा फोडायच्या पाउचमध्ये मधलं सील मुद्दाम कमजोर ठेवतात, कमी तापमानावर किंवा सोलून निघणाऱ्या थराने. ते जास्त घट्ट झालं तर आधी बाहेरची कड फुटते, अंगावर. फार कच्चं राहिलं तर खोक्यांच्या थप्पीतच उघडतं. म्हणून चाचणी सुट्या पाउचवर नको, भरलेलं खोकं पाडून आणि हादरवून घ्या.

मिसळायला जागा ठेवणं बरेच जण विसरतात. २५ ग्रॅम ग्रॅनोला (भाजलेल्या ओट्सचं सिरीयल) साधारण ६० मिलिलिटर जागा घेतो. दह्याचा कप काठोकाठ भरला तर ग्रॅनोला ओतायचा कुठे?