डायरीचं एक पान कोर्टात

रावेर भागात केळीचा सौदा अजूनही बऱ्याचदा बांधावर, तोंडीच ठरतो. नवती, म्हणजे नव्या लागवडीची बाग कापताना व्यापाऱ्याने बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव कबूल केला आणि माल गेल्यावर क्विंटलमागे तीनशे रुपये कमी धरले. माझ्याकडे होती रोज रात्री लिहायची डायरी. कोण काय बोललं, ते मी त्याच्याच शब्दांत लिहितो.

वकिलांनी पहिल्याच भेटीत हवा काढली. नुसत्या नोंदींवरून कोणावर देणं लादता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये जैन डायऱ्यांच्या, म्हणजे हवाल्याच्या पैशांच्या नोंदी असलेल्या डायऱ्यांच्या गाजलेल्या प्रकरणातच सांगितलंय म्हणे. मग उपयोग काय? भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १६२ प्रमाणे, त्या वेळी किंवा आठवण ताजी असताना स्वतः लिहिलेलं टिपण साक्षीदार साक्ष देताना पाहू शकतो. साक्ष माझ्या तोंडची, डायरी फक्त आधाराला. पण कलम १६४ आहेच: मी जे पाहीन ते समोरच्याने मागितलं तर दाखवावं लागतं, आणि त्यावर उलटतपासणीही होते.

गोम इथेच होती. सौद्याच्या खाली, त्याच पानावर, ताईच्या सासरचं बोलणं लिहिलेलं. व्यापाऱ्याचे नातलग तिच्याच गावात! २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, म्हणून कोर्ट डायरी उघडायला लावणार नाही असं मी धरून चाललो होतो. वकील म्हणाले, "कोर्ट कुठे लावतंय? तुम्हीच उघडताय." ओळी खोडायचं तर नावच नको, खाडाखोड दिसली की अख्ख्या पानावर शंका.

पान घेऊन ताईकडे गेलो. वाचून म्हणाली, "भाऊ, एवढं सगळं लिहून ठेवतोस तू?" कोर्टापेक्षा तिला याचाच राग जास्त. चहा झाल्यावर म्हणाली, "दाखव. पण माझं कोणी मोठ्याने वाचायचं नाही."

वकिलांनी तशी विनंती केली. न्यायाधीशांनी पान स्वतः पाहिलं आणि खालचा भाग झाकून सौद्यापुरतंच समोरच्या वकिलांना दाखवू दिलं. उलटतपासणीत सगळा जोर एकाच गोष्टीवर: हे त्याच रात्री लिहिलं कशावरून? तिथे कामी आल्या वजनकाट्याच्या पावत्या. तारखा डायरीशी जुळल्या. कापणीच्या मुकादमानेही भाव ऐकल्याचं सांगितलं.

पुढे तडजोड झाली, निम्म्याहून जास्त रक्कम मिळाली. ताई मात्र आता फोनवर आधी विचारते, "हे लिहिणार आहेस का?" हो म्हटलं, की विषय बदलते.