आंतीबच्या गढीवर, समुद्राकडे पाठ करून

दक्षिण फ्रान्समधल्या नीसहून लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आसपास आंतीब येतं. जुन्या गावाच्या तटाजवळ पोहोचलात की एक चौकोनी बुरूज दिसतो, तोच शातो ग्रिमाल्दी. सह्याद्रीतले गड पाहून वाढलेल्या माणसाला याला किल्ला म्हणवत नाही. फार तर गढी. पण जागा नामी! ग्रीकांचं आंतिपोलिस इथलंच. त्यावर रोमन ठाणं झालं, मग बिशपांचा वाडा आणि १३८५ पासून ग्रिमाल्दी घराण्याचा मुक्काम. १९२५ मध्ये नगरपालिकेने वास्तू विकत घेतली आणि संग्रहालय केलं.

गर्दी असते ती पिकासोसाठी. १९४६ च्या शरदात इथले संग्रहालयप्रमुख दोर द ला सुशेर यांनी त्याला वरची दालनं काम करायला दिली. युद्ध नुकतंच संपलेलं, कॅनव्हासची चणचण. मग गड्याने चक्क सिमेंटच्या पत्र्यांवर बोटींच्या रंगाने चित्रं काढली, आणि जाताना २३ चित्रं आणि ४४ रेखाटनं इथेच ठेवून गेला.

मला मात्र खरी मजा आली ती समुद्राकडच्या गच्चीवर. इथे जर्मेन रिशिए या शिल्पकर्तीची ब्राँझ शिल्पं उभी आहेत. काटकुळी, उभट माणसं. कातडी झाडाच्या सालीसारखी खरबरीत, चेहरे जवळजवळ पुसलेले. मागे भूमध्य समुद्र इतका निळा, की आधी आपण त्याच्याकडेच बघत राहतो; मग हळूहळू या आकृत्या पुढे येतात आणि पाणी नुसता पडदा होऊन जातं. पांढऱ्या भिंतींच्या दालनात, नेमक्या दिव्याखाली हीच शिल्पं मला बहुधा भेसूर वाटली असती. इथे ऊन सरकतं तशी त्यांची अंगं बदलतात. रिशिए दक्षिण फ्रान्सचीच. १९५९ च्या उन्हाळ्यात तिचं प्रदर्शन याच गढीत भरलं होतं आणि त्याच जुलैत ती वारली. स्पॅनिश कलावंत मिरोचं शिल्पही गच्चीवर आहे, पण रिशिएपुढे ते मला जरा लाडिक वाटलं. हे माझं मत, भांडायला हरकत नाही.

आत चित्रकार निकोला द स्तालचं ‘मैफल’ हे भलंमोठं लाल चित्र आहे. ते चुकवू नका.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. सकाळी गेलात तर जवळच्या मंडईत हरभऱ्याच्या पिठाचा गरम सोक्का खाऊन मगच तिकीट काढा. आणि बंदराच्या बुरुजावर शिल्पकार जाउमे प्लेन्साने घडवलेला पांढऱ्या अक्षरांचा आठ मीटर उंच माणूस बसलाय. त्याच्या पोटात शिरायला तिकीट लागत नाही.