विंचवाचं बिऱ्हाड आणि तीन नवी गावं

बारा वर्षं मी एकाच सोशल मीडियावर होते. दुर्बिणी, ग्रहणं, धूमकेतू यांत रमणारी चाळीसेक माणसं तिथं भेटली आणि त्यांच्यासाठीच मी टिकून होते. मग फीडमध्ये त्यांच्याऐवजी भलत्यांचीच भांडणं दिसायला लागली. शनीच्या कड्यांचा फोटो टाकला, तर आमच्याच मंडळींना तो तीन दिवसांनी दिसायचा. शेवटी बिऱ्हाड हलवायचं ठरवलं आणि पुढचे तीन महिने थ्रेड्स, मास्टोडॉन आणि ब्लूस्काय अशा तिन्ही ठिकाणी राहून पाहिलं. तुमच्याही मनात हेच घोळत असेल, तर हा वृत्तांत उपयोगी पडेल.

निघताना एक गोष्ट पक्की ठरवली होती. पुन्हा उठायची वेळ आली तर काय काय बरोबर नेता येईल, हे आधी बघायचं. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. दोन्हीकडची ओळखीची माणसं मला पुन्हा सापडली नाहीत. तिसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

थ्रेड्सवर फार रेंगाळले नाही. मेटाचं हे ठिकाण जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. मी इन्स्टाग्रामच्या खात्यानं दोन मिनिटांत आत शिरले. गर्दी भरपूर, पण अ‍ॅप उघडलं की समोर अनोळखी लोकांच्या पोस्टच आधी येतात. ज्या कारणासाठी मी घर सोडलं, तेच इथं पुन्हा दिसत होतं.

मास्टोडॉनवर मात्र बरंच शिकायला मिळालं. ते २०१६ पासून आहे. तिथं हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत आणि अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या सामायिक नियमांनी ते एकमेकांशी जोडलेले आहेत. तुम्ही कुठल्याही सर्व्हरवर राहा, दुसरीकडच्या माणसाला फॉलो करता येतं. फीड सरळ वेळेनुसार चालतं. पण सर्व्हर निवडताना बहुतेक जण अडखळतात आणि मीही तिथंच चुकले. नाव आवडलं म्हणून एक लहानसा सर्व्हर घेतला. पाचव्या आठवड्यात चालवणाऱ्यांनी तो बंद करत असल्याचं कळवलं. मास्टोडॉनच्या अधिकृत यादीतले सर्व्हर बंद करण्याआधी किमान तीन महिने पूर्वसूचना द्यायला आणि रोज बॅकअप घ्यायला बांधील असतात. त्या यादीतूनच निवडा.

त्या निमित्तानं घर हलवण्याचा अनुभव मिळाला. आधी नव्या खात्यात जुन्याचा पत्ता टोपणनाव म्हणून नोंदवायचा, मग जुन्या खात्यातून स्थलांतराचा आदेश द्यायचा. हा क्रम उलटा केला तर ते पुढं सरकतच नाही. मी बटण दाबलं आणि फॉलोअर्सचा आकडा एकेक करत नव्या घरी चढताना बघत बसले. फार हायसं वाटलं. आपण कुणाला फॉलो करतो, कुणाला ब्लॉक केलंय, बुकमार्क काय आहेत, हे सगळं सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्यासारख्या, फाइलींत उतरवून नव्या ठिकाणी चढवता येतं. पोस्ट मात्र मागेच राहतात. त्यांचा संग्रह आठवड्यातून एकदाच मागवता येतो, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

आणखी दोन गोष्टी. खात्याच्या सेटिंगमध्ये 'माझ्या पोस्ट शोधात येऊ द्या' हा पर्याय आपला आपणच चालू करावा लागतो, नाहीतर नवी माणसं फक्त हॅशटॅगवरूनच तुमच्यापर्यंत पोचतात. दुसरी गोष्ट चुकून शिकले. खासगी निरोपात तिसऱ्याचं हँडल, म्हणजे खात्याचं @ लावलेलं नाव, लिहिलं, की तो निरोप त्यालाही जातो! शिवाय हे निरोप कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात. नाजूक बोलणं दुसरीकडे करा.

तिथला एक प्रसंग मनात राहिला. मी चंद्राचा फोटो टाकला. एका बाईंनी लिहिलं, 'मला दिसत नाही, यात काय आहे ते सांगाल?' मी ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोला जोडलेल्या वर्णनात, लिहिलं, 'अष्टमीचा चंद्र, उजवी बाजू उजळ, सावलीच्या काठावर विवरांच्या कडा उठून दिसतायत.' त्यांनी विवरांबद्दल चार प्रश्न विचारले. तेव्हापासून वर्णनाशिवाय फोटो टाकलेला नाही.

ब्लूस्काय २०१९ मध्ये ट्विटरच्याच आत प्रकल्प म्हणून सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२४ पासून निमंत्रणाशिवाय सगळ्यांना खुलं आहे. नवख्याला इथं सर्वांत लवकर रुळता येतं. स्टार्टर पॅक म्हणजे कुणीतरी निवडून ठेवलेली माणसं, एका बटणावर सगळी फॉलो होतात. आकाशनिरीक्षणाचं वेगळं फीडही तयार मिळालं. ३०० अक्षरं कमी वाटतील, पण 'की' हे एकच अक्षर धरतात, क आणि वेलांटी अशी दोन नाहीत, त्यामुळे मराठीला बरीच जागा मिळते. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, असेल तर तेच हँडल करून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. लाइक आणि ब्लॉक मात्र सगळ्यांना बघता येतात, हे ध्यानात ठेवा. घर इथूनही हलवता येतं, पण त्याला तांत्रिक हात लागतो आणि बहुतेक खाती अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत.

म्हणून मी मुक्काम मास्टोडॉनवर केला आणि ब्रिजी फेड हा पूल वापरून ब्लूस्कायशी जोडून घेतला. पुलाच्या खात्याला फॉलो केलं की तुमच्या पोस्ट पलीकडे दिसायला लागतात. पलीकडच्यांची उत्तरं मात्र त्यांनीही पूल जोडला असेल तरच पोचतात, हे त्यांना आधी सांगून ठेवा.

जुनं खातं मी पुसलं नाही. संग्रह उतरवून घेतला आणि नवा पत्ता वर पिन करून ठेवला. नुसत्या त्या घोषणेवर चाळीसांतले नऊच जण आले. मग प्रत्येकाला वेगळा निरोप लिहिला, नाव घेऊन, तेव्हा आणखी सतरा आले. परवा अठरावी आली. तिला यादीतला सर्व्हर शोधून दिला, शोधाचा पर्याय चालू करून दिला. रात्री तिचा पहिला फोटो आला, गुरू आणि त्याचे चार चंद्र, आणि खाली वर्णनही होतं: 'एका ओळीत पाच ठिपके, मधला सर्वांत मोठा.'